नवसाच्या नारळावरचा बुरा

हात लावायचा नाय म्हणतोस, नाना? तिकडे राजापुराकडे पडवीत बसून, फोनवर, एवढ्या मोठ्यानं की इथं भोईवाड्यात चाळीच्या अख्ख्या गॅलरीनं ऐकलं? "नारळाला कोणी हात लावला तर याद राखा. पोरगी बरी होऊन गावात येईल, तेव्हा देवीच्या पायरीवर मीच गाठ सोडीन." मोठा आला गाठ सोडणारा. त्या गाठीत काय बांधून पाठवलंस, ते बघितलंस कधी?

मला बांधलंस.

मी बुरा बोलतोय. शहरात बुरशी म्हणतात, तुझ्याकडे बुराच. भाकरीवर बसतो, चपलेवर बसतो, ओल्या भिंतीवर बसतो, तो मी नायतर माझा कोणी भाऊबंद. आत्ता मी बसलोय तुझ्या मेव्हण्याच्या, जयवंतच्या खोलीत, माळ्याच्या हुकाला टांगलेल्या लाल कापडात, तुझ्या नवसाच्या नारळावर. माझ्या बरोबर खाली खाट हाय. त्या खाटेवर तुझी रुपाली झोपते. आठ दिवस हॉस्पिटलात होती. आज चार वाजता परत येतेय.

आणि मला भीती वाटतेय. बुऱ्याला कसली आलीय भीती, म्हणशील. म्हण. तू कधी कोणाचं ऐकून घेतलंयस?

पण नाना काय इथं नाय. खोलीत एकटी अंबिका हाय, जयवंतची बायको, रुपालीची मामी. पदर खोचून ओल्या फडक्यानं फरशी पुसतेय. पुसते आणि मधेच वर बघते, माझ्याकडे. मंग परत पुसते. तिला ऐकू येतं का, मला ठाऊक नाय. तरी तिलाच सांगतो. दुसरं कोण हाय इथं.

अंबिका, मी काय कुठून टपकलेला रोग नाय. कामाचा माणूस हाय मी. नानाच्या आंब्याच्या बागेत, खालच्या दगडी गडग्याला टेकून पाचोळ्याचा ढीग हाय, तिथं माझा जन्म. कलमांची पानं, शेण, भाताचा पेंढा, काजूची बोंडं, सगळं तिथं येऊन पडतं. पडलेलं तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं, इचार कर. नानाची कलमं पाच वर्षांत स्वतःच्याच पाल्यात बुडाली असती. कोण खातं ते? मी खातो. ढीग आतून तापतो, हात घातला तर चटका बसतो, सकाळी वाफ निघते. त्या धगीत दुसरे मरतात, मला मात्र तिथंच भूक लागते. पान पुढ्यात आलं की मी त्याचा चुरा करतो. मेलेलं कुजवायचं आणि माती करून परत द्यायचं. एवढा एकच धंदा मला येतो. तो एकच येतो, हे ध्यानात ठेव, कारण भीती तिथंच हाय.

आमचं खानदान मोठं. सगळे काय सारखे नाय. एक झाडाच्या मुळाला चिकटून राहतो, लांबून पाणी ओढून देतो, बदल्यात झाड त्याला गोड खायला घालतं. गरीब माणूस, कोणाच्या अध्यात नाय. दुसरी अळंबी, वारुळावर उगवते, तिला बघून कमल पोरीसारखी धावते. कमल म्हणजे नानाची बायको, तुझी नणंद, तुला सांगायला नको. तू आणतेस तो पाव फुगवतो तो पण आमच्यातलाच. आणि भांडकुदळ पण हायत. भुरी आंब्याच्या मोहोरावर बसते, राख उधळल्यासारखी, मोहोर गळतो. करपा भात जाळतो. त्यांच्यापायी आमचं सगळ्यांचं नाव खराब. घरात एक दारुडा निघाला की अख्ख्या कुटुंबाला लोक नावं ठेवतात, तसं.

भुरीसाठी नाना दर साली पाठीवर पंप चढवायचा. मोहोर पांढरा पडला की फवारणी, आठवड्यानं परत फवारणी. वर भुरी मेली, बरोबर हाय, तिनं खोडी काढली होती. पण थेंब खाली पाचोळ्यावर पडायचे. मी काय केलं होतं? मी खाली बसून त्याचंच खत करत होतो. पहिल्या सालाला आमच्यातले जवळजवळ सगळे मेले. जे उरले त्यांच्या अंगात ते औषध सोसायची खोड होती. दुसऱ्या सालाला त्यांची पिलावळ. मंग तिसऱ्या, चौथ्या. मी त्या उरलेल्यांचा हाय. मला त्या औषधाचा वास आला तरी आता काय वाटत नाय. तेव्हा छाती फुगवायचो मी. आता त्याच गोष्टीनं माझी पाचावर धारण बसते. सांगतो पुढं.

रुपालीला मी ती एवढीशी होती तेव्हापासून ओळखतो. ढिगाजवळ यायला पोरं नाक मुरडतात. ही यायची. घमेल्यात खत भरून अबोलीच्या वाफ्यात नेऊन टाकायची. ढिगात हात घालून ओरडायची, "आई, आत बघ, चूल पेटलीय." कॉलेजात जायला लागली तरी सुट्टीत येऊन फावड्यानं ढीग पालटायची. फावडं मारलं की मी धुरासारखा उडायचो, तिच्या तोंडावर, नाकात. शंभरदा तिनं मला छाती भरून आत घेतलाय. काय झालं? काय नाय. दोन शिंका.

कारण तिच्या रक्तात पहारेकरी होते. मी आत गेलो की धरायचे, तिथल्या तिथं फाडायचे. मला त्याचा राग नाय. तसाच रिवाज हाय. तुझ्या पण छातीत मी रोज जातो अंबिका, जयवंतच्या पण, खाली मंडपाचे बांबू बांधतात त्या पोरांच्या पण. रोज जातो, रोज मरतो.

मंग माघात तिच्या अंगावर निळे डाग आले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. नाना म्हणाला उष्णता झाली, सब्जा खा. सब्जा खाऊन काय होणार. रत्नागिरीला रक्त तपासलं, तिथनं थेट परळला पाठवली. रक्ताचा कॅन्सर. जयवंत म्हणाला, "हॉस्पिटलापासून दहा मिनिटांवर आपली खोली असताना धर्मशाळेत कशाला?" तू एका शब्दानं नाय म्हणाली नायस. दहा बाय पंधराच्या खोलीत कमल आणि रुपाली आल्या. खाट रुपालीला दिली, तुम्ही सगळे खाली. हे मी आल्यावर बघितलं.

मला आणला नानानं, लावणी उरकल्यावर. त्यानं बागेतल्या राशीतनं नारळ उचलला. रास ढिगाला लागून, मी त्या नारळाच्या शेंडीत आधीच बसलेलो. देवळात गेला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "आई माउली, ही तुझी लेक परमुलखात आजारी पडलीय. हा नारळ तिच्या उशाशी राहील. ती स्वतःच्या पायानं तुझी पायरी चढंल तेव्हा गाठ सुटंल, तोवर सुटायची नाय." चारजण म्हणाले, "व्हय म्हाराजा." नारळ, मूठभर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू, सगळं लाल कापडात बांधलं. धो धो पाऊस. कापड चिंब. नानानं तसंच पिशवीत कोंबलं आणि गाडीत बसला.

इथं आला, चपला न काढता स्टुलावर चढला आणि दोरीनं हुकाला अडकवलं. बरोबर तिच्या डोक्यावर. म्हणाला, "देवी वरून बघंल." खाली उतरला आणि मंग कुठं त्यानं पोरीकडे बघितलं. तिच्या डोक्यावरचे केस गेले होते. नाना, एवढा रागीट माणूस, मोरीत जाऊन नळ सोडून बसला, म्हणजे रडायचा आवाज ऐकू येऊ नये. मी ऐकला. म्हणून म्हणतो, त्याची नियत खोटी नाय. त्याला अक्कल नाय, ती गोष्ट वेगळी.

तो दोन दिवसांनी गेला. आणि मी जागा झालो. ओलं कापड, तांदूळ, शेंडीचा काथ्या, पावसाळ्याची दमट खोली. मला आणि काय पायजे? तीन आठवड्यांत मी शेंडीतून तांदळात उतरलो, तांदळातून कापडात. बाहेरून बघ, लालावर राखाडी-हिरवा डाग दिसेल, नव्या चपातीएवढा. तो मीच. आणि पंखा तिथनं हातभर लांब.

हॉस्पिटलातनं कागद मिळाला होता, आठवतो? रुपालीनंच वाचून दाखवलेला, खाटेवर मांडी घालून, तोंडाला मास्क. तू आणि कमल खाली भाजी निवडत होतात.

"फुलं ठेवायची नाहीत. मातीच्या कुंड्या नकोत. पाळीव प्राणी नकोत."

तू म्हणालीस, "पाळीव एकच आहे आपल्याकडे, तुझा मामा. त्याला शेजारच्या सुंदराबाईंकडे ठेवू?"

"मामी, हसवू नका, तोंड आलंय माझं, दुखतं."

"बरं, पुढे वाच."

"केर काढायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. कच्चं खायचं नाही. बुरशीपासून जपावे."

कमल म्हणाली, "शी, बुरशी आलेलं कोण खातंय? आपण काय भिकारी आहोत?"

झालं. तिथंच चुकलं. बुरशी म्हणजे खायची गोष्ट, एवढंच तुमच्या डोक्यात. तू त्याच दुपारी शिळे पाव फेकलेस, लोणच्याची बरणी शेजारी सुंदराबाईला दिलीस, पिठाचा डबा उन्हात ठेवायला गच्चीवर पळालीस. तुळशीची कुंडी गॅलरीच्या पार टोकाला नेऊन ठेवलीस, तुळशीला हात जोडून, माफी मागून. सगळी खोली धुवून काढलीस, बाई. भिंत पुसलीस, खिडकी पुसलीस, पंख्याची पाती पुसलीस. पंखा पुसताना तुझं कोपर मला लागलं. मी सांडलो. तुला दिसलं नाय. तू वर बघून नमस्कार केलास.

कागदात लिहिलं होतं कुंडी, फूल, कुत्रा, मांजर. देवाचं काय लिहिलं नव्हतं.

मी काय खोटं बोलणार नाय. ते तीन आठवडे पंखा फिरत होता आणि मी पडत होतो. तिच्या उशीवर, पांघरुणावर, ती मास्क काढून चहा प्यायची तेव्हा कपात. आत पण गेलो असंन. तेव्हा तिचे पहारेकरी थोडे शिल्लक होते. निभावलं. पण आता दुसरं औषध चढवलंय. ते रोगाला जाळतं आणि सोबत पहारेकऱ्यांना पण जाळतं. आज ती घरी येतेय ती रिकाम्या चौकीची येतेय. सकाळी जयवंत फोनवर कोणाला तरी सांगत होता, "पांढऱ्या पेशी नाहीतच म्हण. पुढचे सात-आठ दिवस डोळ्यांत तेल घालून जपायचं. ताप आला तर घरी गोळी द्यायची नाही, तडक घेऊन यायचं."

आता माझी गोष्ट ऐक. समज, मी आत गेलो. कोणी धरलं नाय. तिथं ओल हाय, ऊब हाय, अगदी माझ्या ढिगासारखी. मी काय करणार? मी सांगितलं ना, मला एकच धंदा येतो. पुढ्यात आलं ते कुजवायचं. मला जिवंत काय आणि मेलेलं काय, कळत नाय, अंबिका. जे मला अडवतं ते जिवंत. जे अडवत नाय ते मेलेलं. पोरगी मला अडवू शकणार नाय. मी तिला पाचोळा समजंन.

मी थांबवू शकत नाय स्वतःला. थांबायचं कसं ते आम्हाला कोणी शिकवलं नाय. मी मुळं सोडत जाईन, छातीतनं रक्ताच्या नळीत. खोकला येईल, तांबडं पडंल. मंग डॉक्टर औषध देतील. ते औषध कुठलं, ठाऊक हाय? नानाच्या पंपातल्या औषधाचं सख्खं भावंड. एकाच घरातलं. पोरीच्या बापानं दहा साल मला तेच पाजून पाजून निगरगट्ट केलाय. दुसऱ्या कोणा बुऱ्यावर चालंल ते. माझ्यावर चालंल का? मला नाय वाटत. दुसरी औषधं असतात म्हणे, जालीम. तोवर तिच्यात काय उरंल?

मला माया नाय. उगाच गोड बोलणार नाय. बुऱ्याला कसली माया. पण मी तिच्या हातानं पालटलेला ढीग हाय, आणि तिला खायची मला इच्छा नाय, आणि मी खाणार हाय. अशी भीती तुला कधी वाटलीय? स्वतःच्याच हाताची?

चार दिवसांपूर्वी तू उशीचा अभ्रा बदलत होतीस. बोटाला काहीतरी लागलं. बोट उजेडात धरलंस. हिरवट राख. नाकाशी नेलंस. नेऊ नये, पण नेलंस. "कुबट वास येतोय," म्हणालीस स्वतःशीच. मंग भिंतीकडे बघितलंस, माळ्याकडे, आणि मंग माझ्याकडे. किती वेळ बघत होतीस तू. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी तू जयवंतला बोललीस. तो प्रभादेवीला कुठल्या ऑफिसात शिपाई, दमून आलेला.

"अहो, त्या नारळाला बुरशी धरलीय."

"पावसाळा आहे. माझ्या पाकिटाला पण धरलीय."

"पाकीट तिच्या डोक्यावर टांगलंय का?"

"अंबिका, भावोजींना कोण सांगणार? तू?"

"तुमच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. तुम्ही सांगा."

"त्यांना सांगायचं म्हणजे वाघाला ब्रश करायला सांगायचं."

तीन दिवस गेले त्याचे धीर गोळा करण्यात. आज सकाळी लावला फोन. त्यानं म्हटलं फक्त, "भावोजी, तो नारळ जरा खाली काढून ठेवू का?" पुढचं गॅलरीनं ऐकलं. सुंदराबाई दारात येऊन उभी राहिली. "माझ्या पोरीचा जीव त्या गाठीत बांधलाय," नाना ओरडत होता, "तुम्हा मुंबईवाल्यांना सगळ्यात घाण दिसते. गाठ सुटली तर मी तुम्हाला ओळखत नाय." जयवंत होय होय म्हणत फोन ठेवून कामावर गेला.

मंग तू हॉस्पिटलात कमलला फोन केलास. ती काय ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "वहिनी, पाया पडते, नका हात लावू. आणि लावायचाच असला तर दुसऱ्या कोणी लावू दे, तुम्ही नको. उद्या इकडचं तिकडं झालं तर गाव म्हणेल, मामीनं नवस मोडला. मला ते ऐकवणार नाही."

तिनं तुझ्या भल्यासाठीच सांगितलं. आणि तेच तुझ्या पायात बेडी होऊन पडलंय. पोरगी वाचली तर देवीनं वाचवली. गेली तर अंबिकानं मारली. मला कळतं हे. तू पाच महिने तिचे ओकाऱ्यांचे टोप धुतलेस, ते कोण आठवणार नाय. नारळ आठवतील.

म्हणून फडकं घेऊन फरशीच पुसतेयस मघापासून. पुसलेली परत पुसतेयस.

आणि आत्ता, पंधरा मिनिटं झाली नसतील, तू त्या अपूर्वा सिस्टरला फोन लावलास, वॉर्डातल्या. आवाज खाली, जणू चोरी करतेयस.

"सिस्टर, मी रुपालीची मामी. एक विचारायचं होतं. ती बुरशी जी असते, ती पोटातून होते ना? खाण्यातून?"

"नाही हो मामी, श्वासातून. खाणं तर जपाच, पण मुख्य हवेतून. का हो? घरात कुठे ओल आहे का? भिंतीला?"

"भिंतीला नाही."

"मग?"

"वर आहे. म्हणजे ते देवाचं आहे."

"देवाचं म्हणजे?"

तू वर माझ्याकडे बघितलंस.

"मामी? काय असेल ते ती यायच्या आधी खोलीतून बाहेर काढा हं. ऐकताय ना? तिला या आठवड्यात जर फंगल झालं तर—"

"ठेवते सिस्टर, दूध उतू जातंय."

गॅसवर दूध नव्हतं.

तिनं पुढं काय सांगितलं असतं, ते तुला मघाशी मी सांगितलं. तेव्हा आता ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाय. तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय, ठाऊक नाय ते एकट्या नानाला.

आता देवीचं बोलू. तुझी भीती तिथंच अडलीय ना. अगं, देवाला वाहिलेलं आजवर कुठं गेलं? फूल वाहिलं, सुकलं, माझ्याकडे आलं. पत्री, केळीचे खांब, निर्माल्य, सगळं शेवटी माझ्या ढिगात. देवी घेते आणि माझ्याकडे सोपवते, मी माती करून परत देतो. माझा आणि तिचा जुना व्यवहार हाय. मी वाहिलेल्या वस्तूवर बसलो म्हणून ती रागावणार नाय. पण गाऱ्हाणं घातलं होतं पोरीच्या जिवाचं. नारळ जपायचं गाऱ्हाणं कोणी घातलं नव्हतं.

आणि मी मघाशी सांगितलं ते नीट आठव, हात लावायचा नाय हे नानानं पदरचं घातलं, गुरव काय म्हणाला? गाठ सुटायची नाय. गाठ. खाली उतरवू नको असं गाऱ्हाण्यात नाय. पिशवीत घालू नको असं नाय. उशाशी राहील म्हणाला, तर उशाशी म्हणजे डोक्यावरच टांगायला पायजे असं कुठं लिहिलंय? नानाला शब्द पाळायचा हाय ना? मंग शब्दच धर. गाठ नको सोडू. मी सांगतो तसं कर.

पहिला पंखा बंद. खिडकीतला पण. तोंडाला तुझा मास्क बांध, पदर नको. जुनी चादर भिजव, पिळू नको फार, ओलीच पायजे. खाट पुढं ओढ, गादी-उशी-पांघरूण सगळं गुंडाळून गॅलरीत धुवायला टाक, झटकू नको. मंग स्टुलावर चढ. ओली चादर माझ्यावर पांघर, पोराला गुंडाळतात तशी, हळू, मला उडू देऊ नको. दोरी वरनं काप, गाठीला हात नाय. तसाच चादरीसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, तिच्यावर दुसरी पिशवी, तोंड घट्ट बांध. दोन गाठी मार पायजे तर. नानाला सांग, होती त्यापेक्षा गाठी वाढल्यात.

मंग मला या खोलीतनं ने. सुंदराबाईकडे नको, तिचा नातू दम्याचा हाय. भोईवाड्याच्या देवळात पुजाऱ्याला सांग, आवारात कुठंतरी बांधलेला ठेव म्हणावं. नायतर दादरच्या समुद्रात सोड. मला फरक पडत नाय. मी पिशवीत गुदमरंन, मरंन. मरू दे. मला धगीची सवय हाय, पावसाची हाय, नानाच्या पंपाची हाय. त्या पोरीच्या छातीची मला सवय लावू नको.

हुक पुस, माळा पुस, पंख्याची पाती परत पुस, सगळं ओल्यानं. त्या वेळात मी थोडाफार उडणारच. म्हणून रुपालीला आल्याआल्या या खोलीत घेऊ नको. फोन कर, हॉस्पिटलच्या खालीच थांबा म्हण, मास्क लावून, खोली ओली हाय म्हण. खरंच असंल ते. दोन तास थांबतील. नायतर अपूर्वा सिस्टरला परत फोन कर आणि या वेळी दुधाचं सांगू नको.

आणि नाना ओरडंल. ओरडू दे. मी त्याला तुझ्यापेक्षा जास्त सालं ओळखतो. तो ओरडतो तेव्हा घाबरलेला असतो. मी पण मघापासून ओरडतोय, कशानं ओरडतोय, तुला कळलंच असंल. गाव काय म्हणंल ते म्हणंल. ती बोलणारी माणसं इथं येऊन हिचा ताप मोजणार नायत.

तुझा फोन वाजतोय. कमल असंल. घे. बघ काय म्हणते.

"वहिनी, डिस्चार्ज लवकर दिला हो. औषधं घेतोय, अर्ध्या तासात टॅक्सीनं येतो. रुपाली म्हणतेय, मामीला सांग, पेज करून ठेव, पातळ."

अर्धा तास, अंबिका.

पेज नंतर कर. तिला थांबायला सांग. फडकं टाक, पंखा बंद कर, स्टूल ओढ आणि मला खाली उतरव.